कोकणात कमी पैशांत घर कसे चालवावे: सुरुवात आगोटीपासून

शहरातले भाडे सुटले, भाजी परसात, मासळी बंदरावर, मग खर्च तो काय राहिला, असा हिशेब करून कोकणात राहायला येणाऱ्यांचे पहिले वर्ष बहुधा महागच जाते. शहरात खर्च महिन्याने चालतो, इथे तो ऋतूने चालतो. मार्च ते मे या तीन महिन्यांत जे घरात आले नाही, ते जून ते सप्टेंबरात चढ्या भावाने आणि अर्धे सादळलेले घ्यावे लागते. पावसाआधीच्या या तजविजीच्या दिवसांना आपल्याकडे आगोट म्हणतात. आगोट नीट साधली तर उरलेल्या वर्षात काटकसर वेगळी करावी लागत नाही.

खालचा हिशेब रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या चौघांच्या घराचा आहे. थोडे आवार आणि विहीर आहे असे धरले आहे. भाड्याने राहत असाल तर कौले आणि परसाचे भाग सोडून द्या.

हाताशी काय हवे:

- दोनशे पानी वही आणि दहा किलोपर्यंत तोलणारा साधा काटा
- घट्ट झाकणाचे पत्र्याचे किंवा स्टीलचे डबे, चिनी मातीच्या दोन-तीन बरण्या
- वाळवणासाठी ताडपत्री, जुन्या सुती साड्या आणि मच्छरदाणीचे कापड
- आधार कार्डे, शिधापत्रिका, घरपट्टीची शेवटची पावती, वीजबिल, बँकेचे पासबुक (सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पावसात कागदाला बुरशी धरते)

## १. आधी वही, मग बाजार

वहीत तीन रकाने पाडा: रोजचे, आगोटीचे, सणाचे. रोजच्यात दूध, मासळी, गॅस, वीज, प्रवास. आगोटीच्यात तांदूळ, कडधान्य, मसाला, सुकी मासळी, सरपण, घराची डागडुजी. सणाच्यात मुख्यतः गणपती आणि शिमगा. पहिल्या वर्षी आकडे नेमके नसतील, तरी लिहा.

आगोटीचा खर्च एकरकमी येतो आणि लोक तिथेच अडकतात. मे महिन्यात हातात पैसे नसले की दुकानदाराकडे उधारीची वही उघडते. एकदा ती उघडली की भावात घासाघीस करायला तोंड उरत नाही. म्हणून अंदाजे रक्कम सातने भागा आणि ऑक्टोबर ते एप्रिल दर महिन्याला तेवढी बाजूला टाका.

## २. छप्पर: पंधरा मेच्या आत

कौलारू घरात हे सर्वांत आधी. एक फुटके कौल पावसाळाभर गळले की रीप कुजते, वासा भिजतो, मग वाळवी लागते आणि पन्नास-शंभर रुपयांचे काम सुताराच्या हजारांवर जाते. मेच्या शेवटी कामगार मिळत नाहीत, कारण सगळ्या गावाला तेव्हाच आठवण होते.

गळती शोधायला पाऊस लागत नाही. भर दुपारी दारे-खिडक्या लावून घरात काळोख करा आणि खाली उभे राहून वर पाहा. जिथून उन्हाचा टिपका दिसेल तिथल्या वाशावर खडूने खूण करा. खाली जमिनीवर पडलेल्या कवडशावरून जागा ठरवू नका, ऊन तिरपे असते. मंगळुरी कौल बदलायला बहुतेक वेळा वर चढावे लागत नाही. आतून शिडीवर उभे राहून वरच्या ओळीचे कौल थोडे उचलून धरायचे, फुटलेले खाली ओढून काढायचे आणि नवे सरकवून त्याचा दात रिपेत अडकवायचा. कोन्याची कौले मात्र जाणत्या माणसाकडूनच बसवून घ्या. कौलांच्या मध्यावर पाय दिला की एक बदलताना चार फुटतात.

जुन्या मापाची तीसेक कौले घरामागे रचून ठेवा. वानरांचा कळप एका उडीत पाच-सहा कौले सरकवून जातो, आणि भर पावसात त्याच मापाचे कौल शोधत फिरणे म्हणजे रिक्षाभाड्यालाच पैसे.

## ३. तांदूळ: पोत्याचा हिशेब

दोन्ही वेळा भात खाणाऱ्या चौघांना दिवसाला पाऊण ते एक किलो तांदूळ लागतो. जून ते सप्टेंबर १२२ दिवस, म्हणजे ९० ते १२० किलो. रेशनवर मिळणारा तांदूळ यातून वजा करा आणि उरलेल्याची सोय लावा.

शेतकऱ्याकडून थेट भात घेऊन गिरणीत भरडून आणणे बऱ्याचदा स्वस्त पडते, पण डोळे झाकून नाही. १०० किलो भातातून साधारण ६५ किलो तांदूळ निघतो. म्हणून भाताच्या किलोच्या भावाला दीडने गुणा, त्यात गिरणीची भरडाई आणि वाहतूक मिळवा, मग दुकानातल्या तांदळाच्या भावाशी ताडून पाहा. कोंडा आणि कणी तुमच्याकडे राहते तोही फायदा धरा. घरात कोंबड्या किंवा गाय असेल तर तो लहान नाही.

घेताना पायलीवर व्यवहार करू नका. माप गावागणिक बदलते आणि सपाट की शिगेचे यावर वाद होतात. किलोत तोलून घ्या. भात पुरते वाळलेले आहे का ते दाताखाली धरून पाहा: कट्‌ आवाज करून दोन तुकडे झाले तर ठीक, नुसते चेपले तर अजून दोन उन्हे हवीत. ओला दाणा साठवला की पंधरा दिवसांत उबट वास येतो.

उकडा तांदूळ साठवणीला उजवा. उकडल्याने दाणा टणक होतो, कणी कमी पडते, सोंडकिडेही कमी लागतात. पेज उकड्याचीच हवी हा वेगळा मुद्दा. सुरय, म्हणजे न उकडता भरडलेला, तांदूळ ठेवणार असाल तर एप्रिलच्या कडक उन्हात एक दिवस तापवा आणि पूर्ण निवल्यावरच डब्यात भरा. गरम दाणा भरला तर झाकणाला आतून पाणी सुटते. वर वाळलेला कडुलिंबाचा पाला ठेवला की पुरे. बोरिक पावडर लावण्याची पद्धत सोडून द्या, ती पोटात जाण्याची वस्तू नव्हे.

कुळीथ, कडवे वाल आणि चवळी ही इथली कडधान्ये. हंगामात, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, शेतकऱ्याकडून घ्या. बियाण्यासाठी ठेवायचे दाणे चुलीच्या चाळलेल्या राखेत घोळवून ठेवतात, खाण्याचेही तसेच ठेवता येतात, फक्त धुताना एक पाणी जास्त लागते. चौघांना चार महिन्यांना कुळीथ चार किलो, वाल पाच किलो, चवळी तीन किलो भरपूर. कुळथाची पिठी घरच्या जात्यावर किंवा गिरणीत थोडी-थोडीच दळून आणा.

## ४. सुकी मासळी: इथे सगळ्यात जास्त फसवणूक

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. ताजी मासळी मिळते ती खाडीतली किंवा बर्फातली, आणि भाव सुरमईचे. पुढे नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात जातात. श्रावण पाळणाऱ्या घरात सुक्या मासळीची खरी गरज जून-जुलै एवढीच असते. हे ध्यानात न घेता चार महिन्यांची भरून ठेवणारे गौरी-गणपतीनंतर जाळी लागलेले बोंबील उकिरड्यावर टाकतात.

आठवड्यातून तीनदा खाणाऱ्या चौघांना एका वेळेला शंभरेक ग्रॅम धरा. दोन महिन्यांना अडीच ते तीन किलो. वाटणी अशी करता येते: बोंबील एक किलो, जवळा (बारीक सुकी कोळंबी) पाऊण किलो, सोडे (सोलून सुकवलेली कोळंबी) पाव किलो आणि खारे बांगडे वीस-पंचवीस नग. सोडे महाग, पण मूठभर सोड्यांनी वांग्या-बटाट्याची आमटी होते, त्यामुळे वाटतात तितके अंगावर येत नाहीत.

खरेदी मार्च-एप्रिलच्या आठवडी बाजारात करा. मेच्या शेवटच्या आठवड्यात मुंबईकर चाकरमानी परतताना पिशव्या भरतात आणि भाव चढतो. घेताना:

बोंबील सरळ, फिकट पिवळसर आणि हलके हवेत. वाकवल्यावर लवचीकपणे वळले तर ओले आहेत; चांगला वाळलेला बोंबील कडकडून मोडतो. जवळा तळहातांत घेऊन चोळा आणि हात झटकून पाहा. वाळू चिकटली असेल तर तो किनाऱ्यावर थेट रेतीत वाळवलेला आहे. कितीही धुतला तरी दाताखाली येणारच. खाऱ्या बांगड्यावर गुलाबी-तांबूस डाग दिसले तर हात लावू नका, तो बिघडायला लागलेला असतो.

ओलेपणाची खात्री करायची तर आधी पाव किलोच घ्या. घरी आणून तोला, दोन उन्हे द्या, पुन्हा तोला. पाव किलोचे दोनशे ग्रॅम झाले तर पाचव्या हिश्श्याचे पैसे तुम्ही पाण्याला दिलेत. मोठी खरेदी ज्या कोळणीकडे ही घट कमी आली तिच्याकडे करा, आणि दरवर्षी तिच्याकडेच जा. गिऱ्हाईक ओळखीचे झाले की माल पाटीच्या वरचा मिळत नाही, तळचा निवडून मिळतो.

साठवण: बोंबलांची डोकी, शेपट्या आणि पर कात्रीने काढा, दोन-दोन इंचांचे तुकडे करा, एक कडक ऊन द्या, निवू द्या. डब्याच्या तळाला आणि वर वर्तमानपत्राचा कागद. जून-जुलैत पावसाने उघडीप दिली की डबा बाहेर काढून तासभर ऊन दाखवा. डीप फ्रीझर घेण्याचा मोह टाळा. पहिल्या वादळात तारेवर झाड पडते, वीज दोन दिवस जाते आणि फ्रीझरसकट सगळी मासळी वासाला लागते.

खारे बांगडे घरी करायचे तर हंगामात भाव पडतो तेव्हा करा. चार किलो बांगड्यांना एक किलो जाडे मीठ. पोट फाडून आतडी आणि कल्ले काढा, स्वच्छ धुवा, पोटात व डोक्यात मीठ दाबून भरा. प्लॅस्टिकच्या टबात मिठाचा थर, बांगड्यांचा थर असे रचून वर ताट आणि दगड ठेवा. दिवसभरात सुटलेल्या खाऱ्या पाण्यात ते बुडतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काढून त्याच पाण्यात खंगाळा आणि मच्छरदाणीच्या कापडाखाली, जमिनीपासून उंच माचावर तीन-चार उन्हे द्या. कापड नसले तर माश्या अंडी घालतात आणि सगळी मेहनत मांजरांच्या पदरी जाते.

## ५. रातांबे, कैऱ्या, फणस

तुमच्याकडे झाड नसेल तर शेजारी असते, आणि एप्रिल-मेमध्ये रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, वेचून न्यायला कुणी नाही म्हणत नाही. एवढेच की विचारून न्या आणि थोडी आमसुले परत पोचती करा.

रातांबे धुवून कोरडे करा, उभे दोन भाग करा, बी आणि गर वेगळ्या पातेल्यात काढा. गरात किलोमागे शंभर-सव्वाशे ग्रॅम मीठ घाला. साले दिवसभर उन्हात, संध्याकाळी त्या रसात बुडवून रात्रभर, सकाळी पुन्हा उन्हात. अशी पाच ते सात पुटे दिली की साल काळपट, मऊ आणि जाड होते. दोन पुटांवर घाई करून थांबलात तर आमसूल चामट, फिके आणि आमटीत निरुपयोगी. पातेले स्टीलचे, प्लॅस्टिकचे किंवा मातीचे घ्या. अॅल्युमिनियम आणि बिनकल्हईचे पितळ ही आंबटाला चालत नाहीत. वळीवाचा अंदाज घेऊन रोज चारच्या आत वाळवण आत घ्या. एक सर पडली की बुरशी आलीच. उरलेल्या बिया वाळवून ठेवा, मुठेल (कोकमाचे तेल) काढणारे त्या घेतात.

कैऱ्या खारात घालणे हे सगळ्यात कमी कष्टाचे. रायवळ, लहान, न डागाळलेल्या कैऱ्या देठासकट घ्या. किलोला पाव किलो जाडे मीठ, उकळून पूर्ण थंड केलेले पाणी कैऱ्या बुडतील इतके, वर वजन. पावसात भाजी नसेल तेव्हा पेजेबरोबर एवढे पुरते. हापूसची झाडे असतील तर हापूस विका आणि घरात रायवळ खा, चव म्हणूनही त्यात नुकसान नाही.

फणसाच्या आठळ्या फेकून देणारे बघितले की जीव हळहळतो. धुवून, दोन दिवस वाऱ्यावर सुकवून कोरड्या मातीत किंवा वाळूत थर देऊन काळोख्या कोपऱ्यात ठेवा. श्रावणापर्यंत टिकतात, चुलीत भाजून, उकडून, भाजीत घालून.

## ६. काय साठवू नये

आगोट म्हणजे सगळेच पोत्याने आणणे नव्हे. रवा, बेसन, पोहे, दळलेली पिठे पंधरा दिवसांपुरतीच घ्या. दमट हवेत अळ्या होतात. शेंगदाणे आणि किसलेले खोबरे खवट होते. साखर चालते, गूळ पाघळतो. मसाला मात्र एप्रिलमध्येच करून ठेवा: निम्मी बेडगी, निम्मी संकेश्वरी मिरची, मिरचीच्या निम्मे धणे, बाकी गरम मसाला घरच्या सवयीप्रमाणे. डंकावर (मसाला कुटण्याच्या गिरणीत) नेण्याआधी मिरची बोटाने चुरगळेल इतकी वाळलेली हवी. बरणीत हिंगाचे दोन-तीन खडे टाका आणि ओला चमचा कधीही नाही.

कांदा पोत्यात ठेवला की पंधरा दिवसांत कोंब येतात. पातीसकट वेणी घातलेल्या माळा घ्या, अलिबागचा पांढरा कांदा अशाच माळांत विकतात, आणि वारा लागेल अशा आढ्याला टांगा. भोपळेही तसेच. काडेपेट्यांचा पुडा झाकणाच्या डब्यात ठेवा. हे लिहायची गोष्ट वाटत नाही, पण जुलैत ओली काडी ओढून ओढून अर्धी पेटी संपते.

## ७. गरम पाणी आणि सरपण

चौघांच्या आंघोळीचे पाणी विजेवर तापवण्याचा हिशेब करून पाहा. वीस लिटरची बादली पंधरा अंशांनी तापवायला साधारण ०.३५ युनिट लागते. चार बादल्या रोज म्हणजे १.४ युनिट, महिन्याला ४२. आवारात माडाच्या झावळ्या, करवंट्या आणि नारळाची सोडणे (वरची साले) पडून कुजत असताना हे पैसे कशाला घालवायचे? तांब्याचा बंब महाग आहे, पण जुना, कल्हई करून घेतलेला मिळाला तर घ्या. नाहीतर न्हाणीच्या बाहेर तीन चिऱ्यांची चूल आणि एक हंडा पुरतो.

त्यासाठी दिवसाला दोन-अडीच किलो सुके जळण धरा. पावसाळ्याचे अडीचशे ते तीनशे किलो होते. ते मेअखेरीस पडवीत, जमिनीपासून वीतभर उंच फळीवर रचलेले हवे. ओले लाकूड निम्मी उष्णता स्वतःचे पाणी उडवण्यात घालवते आणि वर धूर. वाळल्या फांद्या व झावळ्या एवढ्याने भागते. उभे झाड तोडायला परवानगी लागते.

काजूच्या बियांची टरफले चुलीत घालू नका. त्यातले तेल अंगावर उडाले तर चामडी सोलवटते आणि धूर डोळ्यांना झोंबतो. आतल्या स्वयंपाकघरात चूल असेल तर धुराडे नीट आहे का पाहा, नसेल तर रोजचा स्वयंपाक गॅसवरच करा. गॅस वाचतो तो कडधान्य आदल्या रात्री भिजत घालण्याने, कुकरने, आणि भाताचे आधण झाकण ठेवून आणण्याने. भात उकडणे, हंडाभर पाणी, वालाचे मोठे बिरडे अशी रेंगाळणारी कामे चुलीवर.

## ८. वीज: शंभरची रेघ

घरगुती बिलात पहिली १०० युनिटे एका दराने, १०१ ते ३०० दुसऱ्या, आणि या दोन दरांत दुपटीच्या आसपास फरक आहे. १०१ वे युनिट जळले म्हणून सगळीच महाग होत नाहीत, फक्त वरची होतात. तरीही शंभरच्या वर गेलेले प्रत्येक युनिट वाचवणे खालच्या दोन युनिटांच्या बरोबर आहे.

सगळ्यात मोठा खाऊ पंखा. जुना ७५ वॅटचा पंखा रोज दहा तास, असे तीन पंखे म्हणजे महिन्याला सुमारे ६७ युनिटे. ३० वॅटच्या बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या मोटरच्या) पंख्यांवर तेच काम २७ युनिटांत होते. सगळे एकदम बदलू नका. जो सगळ्यात जास्त फिरतो, बहुधा झोपण्याच्या खोलीतला, तो आधी.

एक अश्वशक्तीचा विहिरीचा पंप तासाला पाऊण ते एक युनिट घेतो. टाकी भरून वाहत असताना गप्पा मारण्यात किती जाते ते यावरून काढा. फूट व्हॉल्व्ह (विहिरीतल्या पाइपच्या खालच्या टोकाची झडप) गळका असेल तर दर वेळी पंप आधी हवा ओढत बसतो. बटण दाबल्यावर अर्ध्या मिनिटात पाणी आले नाही तर व्हॉल्व्ह तपासा.

## ९. विहीर असताना पाण्याचे जार कशाला

पहिल्या दोन पावसांनंतर विहिरीचे पाणी गढूळ होते आणि मग घरात वीस लिटरचे जार येऊ लागतात. त्याऐवजी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर वापरा. प्रमाण हजार लिटरला २.५ ग्रॅम.

गोल विहिरीतले पाणी मोजायचे असे: व्यास मीटरमध्ये, त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने गुणा, मग ७८५ ने. अडीच मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर २.५ × २.५ × ४ × ७८५ = १९,६२५ लिटर. म्हणजे सुमारे ५० ग्रॅम पावडर. खोली मोजायला दोरीला दगड बांधून सोडा.

पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवा, बादली पाऊण भरा, दहा मिनिटे गाळ बसू द्या. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडा आणि दोरीने खालीवर हलवा. खालचा चुना विहिरीत टाकू नका. संध्याकाळी करा, सकाळी वापरा. उघडी राहिलेली पावडर निकामी होते. क्लोरीनचा उग्र वास येत नसेल तर ती टाकून नवी आणा. लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर पिण्याचे पाणी वर उकळून घ्याच.

## १०. परस: आळे करू नका

घाटावरून आलेल्यांची ठरलेली चूक म्हणजे पावसाळी वेलांना खोलगट आळी करणे. इथे हंगामात तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. आळ्यात पाणी साचते आणि मुळे सडतात. उलटे करा: फूटभर उंच मातीचा ढीग, त्यात शेणखत, माथ्यावर तीन बिया, बाजूने पाणी जायला चर. मृगाचा पाऊस लागायच्या आधी मांडव उभा हवा.

चौघांना पडवळ दोन, शिराळी दोन, तवसे (मोठी काकडी) दोन, दुधी एक आणि भेंडीची वीसेक रोपे पुरतात. याहून जास्त लावले की ऑगस्टमध्ये गावभर पडवळ वाटत फिरावे लागते. वानरांचा त्रास असेल तर हळद, आले, सुरण, अळू यांवर भर द्या. दसऱ्यानंतर लाल माठ, मुळा, वाली.

रानभाज्यांपैकी टाकळा, कुर्डू, फोडशी या ओळखायला सोप्या. भारंगी कडू, उकडून पिळून घ्यावी लागते. शेवळे आणि अळू घशाला खाजवतात, त्यांना आंबट लागतेच. शेवळांना काकडे नावाची आंबट फळे, अळवाला चिंच किंवा आमसूल. पहिली दोन वर्षे गावातल्या एखाद्या आजींबरोबरच रानात जा. अळंबी मात्र स्वतः वेचू नका, वाचणारे दहा-वीस रुपये जिवापुढे काहीच नाहीत.

## ११. रेशन, एसटी, घरपट्टी

शिधापत्रिका शहरातली असली तरी, ती अन्नसुरक्षेत बसत असेल तर, गावच्या रेशन दुकानात अंगठा लावून धान्य मिळते. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो, अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो, दोन्ही मोफत. सगळ्यांचे ई-केवायसी झालेले हवे. एकाचेच नाव दोन कार्डांवर ठेवू नका. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या कार्डावरून आधी कमी करून घ्या, नाहीतर अर्ज परत येतो.

एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धे, ७५ च्या पुढे मोफत. आधार जवळ हवे. तालुक्याची कामे साठवून आठवड्यातल्या एकाच दिवशी, शक्यतो बाजाराच्या दिवशी करा. पेट्रोलचा खर्च इथेच आटोक्यात येतो. घरपट्टी एप्रिल-मेमध्येच भरून टाका आणि लवकर भरल्याची सूट मिळते का ते ग्रामपंचायतीत विचारा.

## १२. गणपती

वर्षभर वाचवलेले दहा दिवसांत उडते ते इथे. आरास विकत आणू नका: माटवीला (गणपतीच्या वर टांगायच्या चौकटीला) कवंडळे, तेरडा, आंब्याचे टाळे, सुपारीचे शिपटे, नारळ, सगळे रानात आणि परसात आहे. मूर्तीचा पाट नागपंचमीच्या सुमारास गणपतीच्या शाळेत (मूर्ती घडवतात तिथे) पोचवा आणि उंची तेव्हाच ठरवा. ऐनवेळी गेलात तर उरलेल्या मोठ्या मूर्तींतलीच एक घ्यावी लागते. पाहुण्यांना सांगा की रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते, त्या सकाळीच तिकीट काढा, म्हणजे खासगी बसचे सणातले भाडे टळेल.

नारळ मेमध्येच, न सोललेले, कोरड्या जागी रचून ठेवा. मोदकांच्या पिठीसाठी सुवासिक तांदूळ मेमध्ये धुवून, सुती कपड्यावर सावलीत खडखडीत वाळवून डब्यात भरा, कारण भाद्रपदात धुतलेला तांदूळ चार दिवस वाळत नाही. दळायचा मात्र चतुर्थीच्या आठवड्यातच. आधी दळलेली पिठी वासाला लागते आणि पारी फाटते.